अकरा नावं आणि दोन मिनिटं

मोह पडायला लागला की मला राग येतो. त्या वासानं कोणाला माहेर आठवत असेल, कोणाला गावचा बाजार. मला राग येतो. चंद्रपुरात लेकाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते मी. खिडकीतून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसतात. पण फाल्गुन सरत आला की बाजारात एखादी बाई टोपलीत मोहफुलं घेऊन बसतेच. गोड, जड, जरासा आंबलेला वास. मी थांबते, मूठभर फुलं उचलते, नाकाशी नेते आणि मनातल्या मनात शिव्या देते. साहेबांना देते, नदीला देते. सगळ्यात जास्त एका चोवीस वर्षांच्या पोरीला देते. ती पोरगी म्हणजे मीच.

यंदा त्यात नातीचा फोन आला. प्रज्ञा नागपूरला नर्सिंग कॉलेजात शिकवते. हैदराबादला कुठलीशी मोठी कॉन्फरन्स आहे, हजारो माणसं येणार आहेत, आणि ही पहिल्यांदाच चालली आहे.

"आजी, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी त्यांनी सूचना पाठवल्या आहेत. ऐक ना."

ऐकलं. बूट पायाला सवयीचे घाला. पाण्याची बाटली जवळ ठेवा. कार्यक्रमपत्रिका आधी वाचून कुठल्या सत्राला बसायचं ते ठरवा. अनोळखी माणसांशी आपण होऊन बोला. दमलात तर थोडं बाहेर बसा.

"एवढं तर तुझ्या आईले लग्नात नाई सांगितलं कोणी," मी म्हटलं.

"आजी, तू गेली होतीस ना एकदा? सांग ना काही. यात काय राहिलं?"

"मुख्य तेच राहिलं."

"काय?"

मला फोनवर सांगता आलं नाही. राग आला म्हणून. फोनवर रागावलं की ही पोरगी "आजी, बीपीची गोळी घेतली का" एवढंच विचारते. म्हणून लिहिते आहे.

ऐंशीच्या सालांतली गोष्ट. भामरागडच्या पलीकडे, नदी ओलांडून, पायवाटेनं अर्धा दिवस चाललं की माझं उपकेंद्र यायचं. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक खाट, लहान पोरांचा वजनकाटा आणि मी. मी मूल गावाकडची. धानाच्या बांध्यांत वाढलेली, चिखलात रोवणी करता करता नर्सिंगला गेलेली. घरातली पहिली सरकारी नोकरी, त्यामुळे पांढऱ्या लुगड्याला कडक इस्त्री करायची आणि ते लुगडं नेसून जंगलातल्या वाटेनं निघायचं, असा माझा थाट. तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची मी. अस्वलांवर छाप पाडायची होती बहुतेक.

पहिल्या वर्षी मोह पडायला लागला तेव्हा मला वाटलं, कुठेतरी काहीतरी सडलं आहे. दोन दिवस उपकेंद्राचा कोपरान् कोपरा फिनाईलनं धुतला. सोमीबाई दारात उभी राहून बघत होती. सोमीबाई म्हणजे गावची सुईण. माडिया जमातीची बाई, हाडकुळी, कपाळावर गोंदण. तिनं जितकी बाळंतपणं केली होती तितक्या मी वहीत रेघोट्याही मारल्या नव्हत्या. मी तिला 'स्वच्छता' शिकवायला गेले होते.

"काय करून राह्यली बाई?"

"वास येते न कसला तरी."

ती इतकी हसली की खाली बसली. मग माझा हात धरून मला झाडाखाली घेऊन गेली. सकाळचं कोवळं ऊन होतं. झाडाखालचा पाचोळा बायांनी आदल्या दिवशी जाळून जमीन काळी केली होती, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळट पांढरी फुलं टपटप पडत होती. फुलाची पाकळी बोटांत दाबली की पाणी सुटायचं. एक फूल तिनं माझ्या तोंडात घातलं. "खा. रोज धुशील का आता जंगल?"

त्या दिवसापासून आमचं जमलं.

सोमीबाईची मुलगी कोसी पहिलटकरीण. श्रावणात तिचं बाळंतपण झालं, भर दुपारी, घराच्या पडवीत. पोर चांगलं निघालं, रडलं. कोसीचं रक्त मात्र थांबेना. सोमीबाईला येत होतं ते सगळं तिनं केलं, मी शिकले होते ते सगळं मी केलं. पोट चोळलं, पोर छातीला लावलं, खाटेचे पाय उचलून धरले. रक्त थांबवायचं इंजेक्शन असतं. एवढुशी काचेची कुपी. ती दवाखान्यात होती, डॉक्टरांच्या कपाटात, नदीच्या पलीकडे. उपकेंद्रात ते इंजेक्शन ठेवायचं नाही आणि डॉक्टर समोर नसताना नर्सनं ते द्यायचं नाही, असा नियम. आणि नदी अशी चढली होती की चार दिवस डोंगा पाण्यात घातला नव्हता कोणी. दिवस मावळायच्या आत कोसी गेली. तिचा हात माझ्या हातात होता. तो हळूहळू कसा जड होत गेला ते मी सांगणार नाही.

नदी उतरल्यावर मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे दवाखान्याचे डॉक्टर. त्यांनी कागद वाचला आणि मरणाच्या कारणापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं: 'नातेवाइकांनी रुग्णास आणण्यास विलंब केला.'

"साहेब, नदी होती."

"नदी सगळ्यांनाच असते."

"इंजेक्शन पावसाळ्यापुरतं उपकेंद्रात ठेवू द्या. टोचायची परवानगी द्या, चार महिन्यांची."

"डॉक्टरशिवाय? उद्या ऑपरेशन करशील."

चाळीस वर्षं होऊन गेली. 'विलंब' हा शब्द कुठेही छापलेला दिसला की अजून माझ्या हाताची मूठ वळते. गाडीला विलंब, विमानाला विलंब. सोमीबाईची लेक तिच्या स्वतःच्या पडवीत, आईच्या मांडीवर मेली. आणायचं कुठून आणि न्यायचं कुठे?

त्यानंतरच्या मोहाच्या दिवसांत चिठ्ठी आली. नागपूरला परिचारिकांची मोठी परिषद होती, तीन दिवसांची. एवढ्या उन्हात प्रवास नको म्हणून मोठ्या सिस्टरांनी अंग काढून घेतलं. मग कोणीतरी म्हणालं, त्या जंगलातलीला पाठवा, तेवढंच तिचं फिरणं होईल. आणि माझ्या अक्कलशून्य डोक्यानं काय समजावं? की माझं काम वरपर्यंत कळलं म्हणून मला बोलावलं!

चिठ्ठीत खाली लिहिलं होतं, शेवटच्या दिवशी खुलं सत्र, प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटं. मी सोमीबाईला सांगितलं. मोठमोठे लोक येणार, थेट वरचे. नियम करणारे तेच.

ती फुलं वेचत होती. वाकलेलीच म्हणाली, "मंग कोसीचं सांग तिथी. सुई इथी ठेवा म्हणून सांग."

"सांगतो न."

"पक्कं?"

"अवो पक्कं."

तिच्या घरात आता सून होती, जैनी. पाचवा महिना लागला होता तिला. श्रावण-भादव्यातच भरणार होते. हे आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं होतं आणि पुढे दोघीही बोललो नव्हतो.

वाटेत मूलला घरी उतरले. दादा माझा मोठा भाऊ, शाळेत मास्तर. त्यानं आनंदानं डोळे पुसले. आमच्या सात पिढ्यांत कोणी व्यासपीठासमोर उभं राहून बोललं नव्हतं, सभेत आपण मागं उभं राहून ऐकणारे. म्हणून त्यानं माझी तयारी सुरू केली.

"बेबे, सुरुवात पहिले. सुरुवात चुकली तं सगळं चुकलं. स्टेजवर जेवढे असतील तेवढ्यांची नावं घ्यायची, मानानं. एक जरी सुटला तं तो माणूस तुझं काम कधीच करत नाई."

हे खरं होतं, हीच तर गंमत आहे. आमच्याकडे सभेत एखाद्याचं नाव राहिलं की तो गृहस्थ जेवणाच्या पंगतीतून उठून जायचा, आणि पुढच्या दोन निवडणुका त्या नावावरून लढल्या जायच्या. दादानं मला हुद्द्याप्रमाणे विशेषणं लिहून दिली. अध्यक्ष असेल तर 'ज्यांच्या मायेच्या सावलीत आपण आज जमलो'. अधिकारी असेल तर 'कार्यतत्पर'. म्हातारा असेल तर 'वयानं आणि अनुभवानं वडीलधारे'. काय आहे तेच समजलं नाही तर 'ज्यांच्या नुसत्या असण्यानं या व्यासपीठाला शोभा आली'. मी अंगणात उभी राहून म्हणायची, तो खाटेवर बसून ऐकायचा. वहिनी चुलीपासून ओरडायची, "अन् मंग ते इंजेक्शनचं कवा म्हणते?"

"ते येते न मागून," दादा म्हणायचा.

वहिनी चौथी शिकलेली. सगळ्या घरात तेवढीच शहाणी होती.

परिषदेचा मांडव बघून माझे डोळेच फिरले. शेकडो बाया, पांढरी लुगडी, गळ्यात पुठ्ठ्याचे बिल्ले. वाळ्याचे कूलर घरघरत होते. प्रत्येकीला एक रेक्झिनची पिशवी मिळाली आणि मी ती पिशवी तीन दिवस काखेतून खाली ठेवली नाही. नव्या चपलांनी पहिल्याच दिवशी टाचा सोलल्या. प्रज्ञाच्या यादीत बुटांचं आहे ते बरोबर आहे, मी काही नाही म्हणत नाही.

मुक्कामाला माझ्या खोलीत पुण्याकडची एक सिस्टर होती. तिनं माझी पेटी उघडताच नाक उडवलं. लुगड्यांच्या घड्यांत मोहाचा वास बसला होता. "तुम्ही... घेता का?" तिनं हळूच विचारलं. मला वाटलं गोळी घेते का विचारते. मी म्हटलं, "हो, आठवड्यातून एकदा." आमच्याकडे मलेरियाची गोळी तशीच घ्यायची. रात्रीपर्यंत मी दारू पिते हे अर्ध्या मुंबई-पुण्याला कळलं होतं.

मग वाघ. "अय्या, तुमच्याकडे वाघ असतात ना?" पहिल्या दिवशी चहाला एकीनं विचारलं. खरं सांगायचं तर मी तोपर्यंत एका अस्वलाचा पार्श्वभाग तेवढा बघितला होता. पण चारचौघी माझ्याभोवती गोळा झाल्या, माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा शहरातल्या बाया माझ्या बोलण्याकडे कान लावून उभ्या होत्या. मी एक वाघ सांगितला. दुपारच्या जेवणाला त्याचे दोन झाले. दुसऱ्या दिवशी वाघ माझ्या उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसला आणि मी वजनकाट्यानं त्याला हाकललं. लांबून लांबून बाया यायच्या, "त्या वाघाच्या बाई कोणत्या?" विचारत.

तीन दिवस होते माझ्याकडे. अनोळखी माणसांशी आपण होऊन बोला म्हणतात. मी बोलले, ढीगभर बोलले. त्यांच्यात मोठ्या दवाखान्यांच्या मेट्रन होत्या, ज्यांचे शब्द वर ऐकले जात. एकीलाही मी कोसीचं सांगितलं नाही. वाघ ऐकून त्या हसायच्या, घाबरायच्या, माझ्या पाठीवर हात ठेवायच्या. कोसीचं ऐकून त्या गप्प झाल्या असत्या, आणि मला तो गप्पपणा नको होता. मला तो पाठीवरचा हात हवा होता. थू!

सिरोंचाकडची लक्ष्मी माझ्या जिल्ह्यातली, तिला कोसीचं आधीपासून माहीत होतं. तिच्या बोलण्यात अर्धी तेलुगू. ती तेवढी वैतागली होती. "अय्यो, बस कर ग वाघ. नदीचं बोल. माझ्याकडे पण तेच आहे, तू बोलली तर मी पण हात वर करते."

"खुल्या सत्रात बोलतो न. तयारी आहे माझी."

तयारी! तिसऱ्या दिवशी दुपारी स्टेजवर अकरा माणसं बसली होती. मी चहा सोडून एकेकाचं नाव आणि हुद्दा विचारून घेतला, कागद सापडेना म्हणून तळहातावर लिहिला. कडेला बसलेल्या एका लांब चेहऱ्याच्या माणसाचा हुद्दा कोणालाच सांगता येईना. त्याला जाऊनच नाव विचारलं. तो आधी दचकला, मग त्यानं सांगितलं.

नाव पुकारलं. म्हणजे नाव नाहीच, अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "आता त्या वाघाच्या गावच्या सिस्टर." मांडवभर हशा. मी माइकपुढे उभी राहिले, पिशवी काखेत. आणि सुरू झाले.

काय बोलले मी! एक शब्द अडखळला नाही. मायेची सावली झाली, कार्यतत्पर झालं, वयानं आणि अनुभवानं वडीलधारे दोघंजण झाले. मी एकेकाकडे बघून, मान लववून, नाव उच्चारत होते आणि ती ती व्यक्ती खुर्चीत जराशी उंच होत होती. सातव्या नावाला टेबलावरची घंटी वाजली, टिंग. मला वाटलं, कौतुकाची आहे. अकराव्याला मी 'ज्यांच्या नुसत्या असण्यानं' म्हटलं. तो माइक सांभाळायला बसवलेला माणूस होता. स्टेजवर तो एकटाच मनापासून हसला. तेवढ्यात दुसरी घंटी.

"वेळ संपली सिस्टर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण किती सुंदर बोललात! एवढ्या मागास भागातून येऊन इतकं शुद्ध!"

टाळ्या. आणि मी, ऐका हं, मी हात जोडले, आणि हसत हसत खाली उतरले. इतकी खुशीत होते की लक्ष्मीशेजारी बसल्यावर सुद्धा टाळ्या मोजत होते. दादाला काय काय सांगायचं ते मनात ठरवत होते.

लक्ष्मी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "अम्मा, इंजेक्शन राहिलं."

आता सांगते, त्या क्षणाचा राग अजून ताजा आहे. स्वतःचा आहेच. पण त्यांचा? अकरा शिकलेली माणसं एका पोरीच्या तोंडून स्वतःची नावं ऐकत बसली आणि एकाला वाटलं नाही की ही दोन दिवस प्रवास करून आली, हिला काही सांगायचं असेल. वाटलं असेलही. पण आपलं नाव यायचं बाकी असताना मध्येच कोण थांबवतो? शुद्ध बोलले म्हणे. मी 'मले' आणि 'तुले' म्हणत बोलले असते, चुकतमाकत, तर कोसीचं नाव तरी पुढे गेलं असतं.

मी धावले. त्या अकरांतले नियम करणारे साहेब जेवणाच्या मांडवात श्रीखंडाची वाटी घेऊन उभे होते. तिथे मला दम लागला, रडू आलं, आणि जे सांगायचं ते सगळं उलटं बाहेर पडलं. आधी नदी, मग कुपी, मग रक्त. रक्त म्हटल्यावर त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"सिस्टर, हे जेवतानाचे विषय आहेत का?"

"साहेब, पावसाळा येऊन राह्यला..."

"लेखी द्या. योग्य मार्गानं."

योग्य मार्ग म्हणजे आमच्याच डॉक्टरांमार्फत. ज्यांनी 'विलंब' लिहिलं त्यांच्याच टेबलावरून. मी तिथेच उभी राहिले आणि साहेब हात धुवायला गेले.

परतताना आलापल्ली मागं पडली. एसटीच्या खिडकीतून मोहाचा वास येत होता, झाडांखाली बाया वाकलेल्या दिसत होत्या. प्रत्येक वाकलेली पाठ मला सोमीबाईची वाटत होती. शेवटी नदी ओलांडून पायी चालताना खरीच सोमीबाई दिसली. गावाच्या अलीकडेच, टोपली भरलेली. मला बघून तिनं पाठ सरळ केली.

"सांगितलं?"

प्रज्ञा, तुला जे फोनवर सांगता आलं नाही ते हे. मी म्हटलं, "सांगितलं."

"काय म्हणते मंग?"

"बघतो म्हणते. पाठवून देतो म्हणते."

तिनं टोपलीतली मूठभर फुलं माझ्या पदरात टाकली. घरी गेल्यावर भाजून खा म्हणाली.

खोटं तिथेच थांबलं असतं तरी मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं. पण ज्येष्ठ लागला तेव्हा कळलं की सोमीबाईनं बेत बदलला आहे. जैनीला पाऊस यायच्या आत नदीपलीकडे, दवाखान्याजवळच्या नातलगांकडे नेऊन ठेवायचं त्यांचं ठरलं होतं. आता ती नेणार नव्हती.

"काऊन नाई नेत?" मी विचारलं.

"काऊन नेऊ? सुई येऊन राह्यली न इथीच. तू सांगून आली."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती की तोंड तसंच मिटलं. त्या पोरीला मी किती वेळा थोबाडीत मारली आहे मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी मी नदी ओलांडून दवाखान्यात गेले. साहेब दौऱ्यावर होते. औषधाच्या खोलीत कंपाउंडर होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. पोक्त, भित्रे, पंचवीस वर्षं एका खुर्चीत बसलेले.

"भाऊ, ते इंजेक्शन पाहिजे. चार."

"कागद?"

"कागद नाई."

"बाई, काऊन माझ्या पोटावर पाय देते? माझी नोकरी जाईल, तुझीबी जाईल."

"जैनीचे दिवस श्रावणात भरते. कोसीच्या भावाची बायको."

कोसीचं नाव ऐकल्यावर त्यांनी समोरची वही मिटली. मरणाचा तो कागद त्यांनीच फाईलला लावला होता. मग कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी चहा पिऊन येतो. मले चहाले वेळ लागते."

चार कुप्या मी कापसात गुंडाळून पोलक्यात ठेवल्या. परत येताना डोंग्यात इतकी ताठ बसले होते की डोंगेवाल्यानं विचारलं, पाठीत उसण भरली का. थंड राहाव्यात म्हणून उपकेंद्रात ओल्या वाळूच्या माठात त्या पुरल्या. रोज दोनदा पाणी शिंपडायची. कोणी विचारलं तर कोथिंबीर लावली म्हणायची.

या चोरीची 'कारणे दाखवा' नोटीस पुढे दसऱ्यानंतर आली, रस्ता उघडल्यावर. दादा म्हणाला, उत्तर मी लिहून देतो. मी नको म्हटलं. एका ओळीत लिहिलं, बाई मरत होती, इंजेक्शन दिलं, बाई जगली. वर 'महोदय'सुद्धा घातलं नाही. त्यावर काहीच झालं नाही. शिक्षा झाली नाही आणि नियमही बदलला नाही, निदान मी तिथे होते तोवर नाही. म्हणून पुढच्या ज्येष्ठात मी पुन्हा चोरले. त्याच्या पुढच्याही. भाऊ दर ज्येष्ठात चहाला जायचे. साहेबांना माहीत होतं असं मला पुढे वाटायला लागलं, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. चोरी चालत होती त्यांना. परवानगी चालत नव्हती.

जैनीला कळा आल्या त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि नदीचा आवाज गावापर्यंत येत होता. पोर झालं, मुलगी. आणि मग तेच. तसंच, डोळ्यांदेखत, थांबेना. सोमीबाईनं माझ्याकडे बघितलं. मी धावत जाऊन माठ उकरला. पहिली कुपी फोडताना बोट कापलं. टोचलं. पोट चोळत राहिलो दोघी. काही वेळानं दुसरी दिली. मग हाताखाली पोट घट्ट व्हायला लागलं, चेंडूसारखं, आणि रक्त ओसरलं. सोमीबाईनं तीनदा हात लावून बघितलं. तिला खरं वाटेना.

दुपार कलली तेव्हा जैनी झोपली होती, मुलगी तिच्या कुशीत. बाहेर पाऊस तसाच. आम्ही दोघी पडवीत बसलो, जिथे कोसीची खाट होती तिथेच. सोमीबाई रिकाम्या कुप्या बोटांत फिरवत होती.

"बाई."

"हं."

"तू तिथी नाई बोलली."

मी कापलेलं बोट पदरात गुंडाळलं.

"बोलली असती तं सरकारनं दिलं असतं. डोंगेवाला सांगे, तू लाकडासारखी बसून आली. सरकारचं औषध कोणी असं आणते का?"

"नाई बोलली," मी म्हटलं. "दोन मिनिटं होती. नावं घेण्यातच गेली."

तिनं कुप्या खाली ठेवल्या. मग विचारलं, "नावं घेतली? कोसीचं घेतलं?"

"नाई."

"मंग कोणाचं घेतलं?"

मी सांगितली. सगळी नावं पाठ होती अजून, तळहातावरून घोकलेली; हुद्दे तेवढे पुसले गेले होते. एकेक नाव घेतलं की ती विचारायची, "हा कोण?" आणि मी म्हणायची, "माहीत नाई." पुन्हा पुढचं नाव. "हा कोण?" "माहीत नाई." अकरा वेळा.